ठाण्याला, म्हणजे नोकरीला

आमच्या घरात एक वाक्य असं होतं की त्याला शेपूट लावल्याशिवाय ते बोलता येत नसे. कुणी विचारलं, "वडील कुठे असतात तुमचे?" की आम्ही म्हणायचं, "ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात." आणि समोरच्याच्या भुवया वर चढायच्या आत घाईघाईनं जोडायचं, "म्हणजे नोकरीला!"

वडील तिथे भांडारपाल होते. चादरी, साबण, पितळी थाळ्या यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आमचं बिऱ्हाडही इस्पितळाच्या आवारातच होतं. त्या काळात मुंबईपासून पुण्यापर्यंत कुणाचं डोकं जरा फिरल्यासारखं वाटलं की लोक म्हणायचे, "ह्याला ठाण्याला पाठवा." आम्हाला कोण पाठवणार? आम्ही तिथलेच.

मला बघायला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या मामांनी तोच प्रश्न विचारला. वडिलांनी वाक्याचा पहिला भाग म्हटला, आणि नेमका त्यांना सुपारीचा ठसका लागला. शेपूट जोडेपर्यंत मामांच्या हातातली पोह्यांची बशी खाली गेली होती. ते स्थळ गेलं. मला काही फार दुःख झालं नाही. मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला ठेवत होता, आणि असल्या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे मलाच ठाण्याला जावं लागलं असतं.

मी उतावळी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्या कामात पडले त्या कामाला हा स्वभाव अजिबात चालत नाही. समोरचा बोलताना अडखळला की त्याचं वाक्य मी पुरं करायची, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायची. आई म्हणायची, "अगं, उचलली जीभ लावली टाळ्याला. जरा त्याला बोलू दे की!"

आई स्वतः फार कमी बोलायची. माजिवड्याहून एक आगरी बाई आमच्याकडे कडवे वाल विकायला यायची. डोक्यावर टोपली, कासोटा घातलेलं लुगडं, आणि तोंडाचा पट्टा असा की कुंपणापलीकडून ऐकू यावा. पण काही दिवशी ती गप्प असायची. त्या दिवशी आई तिला काही विचारत नसे. मोड आलेल्या वालांचं पातेलं मधे ठेवायची आणि म्हणायची, "बस जरा. एवढं बिरडं सोलू लाग."

ज्यांच्या घरी वाल होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. अंगठ्यानं हलकेच दाबलं की साल सुटतं आणि आतली डाळ मोडासकट बाहेर येते. जोर जास्त झाला तर डाळीचे दोन भाग वेगळे होतात नि मोड तुटतो. घाई चालत नाही, आणि नजर वर करता येत नाही. पाव पातेलं सोलून झालं की ती बाई पातेल्याकडे बघतच बोलायला लागायची. "बाय, काय सांगू तुला? सून माझ्याशी बोलं नाय." आई म्हणायची, "हं." बस, तेवढंच. त्या एका "हं"चे आईकडे आठ-दहा प्रकार होते. पातेलं संपेपर्यंत बाईचं रडून झालेलं असायचं, आणि जाताना ती सुनेसाठी आमच्या परसातली अबोलीची फुलं मागून न्यायची.

मी हे सगळं बघितलं, पण बघून न बघितल्यासारखं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं, मुंबईला जाऊन दोन वर्षं समाजकार्याचं शिक्षण घेतलं. समोरच्याला कसं बसवायचं, प्रश्न कोणते विचारायचे, टिपणं कशी ठेवायची, सगळं इंग्रजीतून शिकले. परत आले ती वडिलांच्याच इस्पितळात रुजू झाले. काम असं की बरे होऊन घरी गेलेल्यांना भेटायचं, आणि ज्यांना इस्पितळाची गरज नाही पण मनावर ओझं आहे त्यांच्याशी बोलायचं. समुपदेशक हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता. मला "बोलायच्या बाई" म्हणत.

पण बोलायला येणार कोण? मनावर ओझं असलेला माणूस एकवेळ खाडीत उडी घेईल, पण ठाण्याला येणार नाही! आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मग तोड काढली. डोंबिवलीला त्यांच्या एका स्नेह्याचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत मी दर शनिवारी बसायचं. ताप-खोकल्याच्या रांगेत एखादा मनाचा रोगी बसला तर कुणाला कळणार? युक्ती लागू पडली. कल्याणची माणसं डोंबिवलीला येऊ लागली, कारण तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. डोंबिवलीची मात्र कल्याणला जाता येत नाही म्हणून हळहळायची.

पहिले दोन महिने मी टेबलापलीकडे वही उघडून बसायची आणि शिकवल्याप्रमाणे विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" उत्तर ठरलेलं. "काही नाही, बरं आहे." मग मी वाक्यं पुरी करायला लागायची, आणि माणूस पुढच्या शनिवारी यायचा नाही. एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बायकोकडे पाहुणे यायचे होते. त्यांनी वालांचं भलंमोठं पातेलं माझ्या टेबलावर आणून आदळलं. "तुम्ही नुसत्याच बसलेल्या असता, तेवढं सोला." समोर एक शाळामास्तरीण बसली होती, ती तीन शनिवार "बरं आहे" म्हणत होती. तिनं आपसूक पातेल्यात हात घातला. पाच मिनिटांनी ती बोलायला लागली. मी वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या हातातला मोड तुटला, आणि मी गप्प बसले. त्या दिवसापासून माझी वही बंद झाली. दर गुरुवारी आई वाल भिजत घालायची, शनिवारी मी डबा घेऊन निघायची.

पुढची गोष्ट कल्याणच्या एका शिंपी मास्तरांची. मास्तर आज नाहीत. त्यांच्या लेकीला विचारूनच लिहिते आहे. "लिहा, पण बाहीचं विसरू नका," असं तिनं बजावलं आहे.

मास्तर श्रावणात पहिल्यांदा आले. पन्नाशीचे, किडकिडीत, गळ्यात टेप तसाच राहिलेला. बसताना त्यांना तो दिसला, आणि चोरी पकडल्यासारखा त्यांनी तो खिशात कोंबला. मी पातेलं पुढे सरकवलं. पुरुषमाणसं आधी पातेल्याकडे आणि मग माझ्याकडे बघायची, तसं त्यांनीही बघितलं. मग एक वाल उचलला. असं सोललेलं बिरडं मी आमच्या आईच्या हातचंसुद्धा बघितलेलं नाही. एकही डाळ फुटली नाही, एकही मोड तुटला नाही. पहिला शनिवार ते नुसते सोलत होते. जाताना म्हणाले, "बाई, हात चालतो की माझा!" आणि डोळे पुसत निघून गेले.

दुसऱ्या शनिवारी कळलं ते असं. पारनाक्याजवळ त्यांचं दुकान होतं. कोट बेतावा तर मास्तरांनीच, अशी ख्याती. पण तीन महिने त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती. "खडूपर्यंत सगळं बरोबर जातं, बाई. माप घेतो, आखतो. कात्री घेतली की हात थांबतो. मग पुसतो, परत आखतो. कापडं पांढरी झालीत खडूनं." गिऱ्हाइकांना ते उद्या या, परवा या म्हणत होते. आणि घरात लेकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांना नुसतं कळलं की मास्तरांचं डोकं फिरलंय, तर संपलंच. वेड्याच्या घरची मुलगी कोण करून घेणार? त्यांना दिवाळीच्या आत कात्री चालवायला हवी होती.

मी "हं" म्हटलं. आईच्या "हं"च्या मानानं ते कच्चंच होतं, पण चाललं.

मी त्यांना आधी वर्तमानपत्र कापायला सांगितलं. ते कापलं. मग जुनं धोतर. तेही कापलं, त्याच्या बंड्या बेतून बायकोला दाखवल्या. नवीन कापड आलं की मात्र पुन्हा तेच. भाद्रपद गेला, नवरात्र गेलं. मी आतून चरफडत होते. एकदा तर म्हणणार होते, "अहो, कापा की! कापड आहे, वाघ नाही!" वालांनीच वाचवलं.

आणि मग मी ती चूक केली. दिवाळीआधी दवाखान्याला चुना लावायचा होता, म्हणून एक शनिवार बंद. मी मास्तरांना कार्ड टाकलं. अगदी साधं, दोन ओळींचं. "या शनिवारी दवाखाना बंद आहे. तरी तुम्ही ठाण्याला यावे. येथे सर्व व्यवस्था होईल." आणि वर कोपऱ्यात, नेहमीच्या सवयीनं, आमचा इस्पितळाच्या आवारातला पत्ता.

मी जन्माची ठाण्याची. मला ठाण्याला या म्हणजे घरी या. त्या दोन ओळी दुसऱ्या कुणी वाचल्या तर काय होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि कार्ड वाचलं जाणारच होतं, कारण पोस्टमननं कार्ड देताना वाचून दाखवायचं हा तेव्हा शिष्टाचारच होता.

शनिवारी सकाळी मास्तर आमच्या दारात उभे. काखेत पिशवी, आणि चेहरा असा की मी आत घ्यायचंही विसरले.

"बाई, काय केलंत हे?" ते म्हणाले. "भर दुकानात पोस्टमननं वाचलं. चार गिऱ्हाइकं बसलेली. सगळी माझ्याकडे बघायला लागली. आणि मुलाकडचे काका, ते पण तिथेच, पायजम्याचं माप द्यायला आलेले!"

एका माणसाचं घर मी नुसत्या एका कार्डाच्या शाईनं बुडवलं होतं. मला खरंच रडू फुटलं. आई मागून पुढे झाली. म्हणाली, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, इस्पितळातल्या साहेबांचा कोट बेतायचाय, त्याचं बोलावणं आहे." मास्तरांनी पिशवी उघडली. आत टेप, खडू आणि त्यांची ती मोठी कात्री. "आता कोट नेल्याशिवाय मला कल्याणला तोंड दाखवता येत नाही. काका रविवारी येतायत, कोट बघायला."

"साहेब" म्हणून घरात होते ते माझे वडील, गंजीफ्रॉकमध्ये, हातात चहाची बशी. ते आतल्या खोलीत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट ते काळ्या लोकरी सर्जाचं कापड घेऊन आले. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. खराब होईल म्हणून पंचवीस वर्षं त्यांनी ते कुणाला बेतू दिलं नव्हतं! आईनं किती वेळा टोमणे मारले होते. येत्या मार्चमध्ये वडील निवृत्त होणार होते, त्यांनी ते मास्तरांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचा होतो का बघा."

मास्तरांनी चटईवर कापड पसरलं. माप घेतलं, आखलं. कात्री उचलली, आणि हात थांबला.

आईनं वालांचं पातेलं आणून ठेवलं. आम्ही चौघं चटईभोवती बसलो. मधे कापड, कडेला पातेलं. मास्तर सोलू लागले, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते सांगितलं. मला दोन महिने जे सांगितलं नव्हतं ते.

एका म्हाताऱ्या पेन्शनरांचा मुलगा बोटीवर होता. पहिल्या सफरीवरून त्यानं बापासाठी विलायती कापड आणलं. मास्तरांनी कोट बेतला, आणि दोन्ही पुढचे भाग डाव्या बाजूचेच कापले. नवशिक्या पोराकडून होते तशी चूक. कापड तेवढंच. तसलं दुसरं कल्याणात सोडा, मुंबईत मिळेना.

"त्यांनी बघितलं," मास्तर म्हणाले, "तुकडे घडी घालून रुमालात बांधले. म्हणाले, असू दे. आणि गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते, भांडलो असतो, काहीतरी झालं असतं. नुसतं असू दे म्हणाले हो. कात्री घेतली की तेच कानात येतं, असू दे."

आई म्हणाली, "हं." वडिलांनी पुढचा वाल उचलला. पातेलं अर्धं झालं होतं. मास्तरांनी हात पुसले, कात्री घेतली, आणि सर्जावर चालवली. त्या जाड कापडातून कात्री गेल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा आईनं उठून देवापुढे साखर ठेवली.

रविवारी काकांनी पारनाक्याच्या दुकानात कच्चा टाचलेला कोट बघितला, सर्जावरून हात फिरवला आणि स्वतःच्याही कोटाचं माप दिलं. साहेबांचा शिंपी तो आपला शिंपी! लग्न पक्कं झालं.

पण खरी परीक्षा पुढे होती. तयार कोट घेऊन मास्तर ठाण्याला आले. वडिलांनी अंगात चढवला. मागून, पुढून, खांद्यात, देखणा. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. डावी बाही उजवीपेक्षा चांगली बोटभर आखूड होती.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी, शिकलेली, शहाणी, बोलायची बाई, मी काय म्हणणार होते माहीत आहे? माझ्या ओठांवर आलं होतं, "असू दे हो मास्तर."

त्याआधीच वडील कडाडले. "अहो मास्तर! डोळे आहेत की गुंड्या? ही बाही आहे की बंडीचा मुंढा? पंचवीस वर्षं सांभाळलेलं कापड तुमच्या हातात दिलं ते काय असं वाट लावायला? लाज नाही वाटत?" माझ्या वडिलांनी जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. कोठारातले उंदीरसुद्धा त्यांना भीत नसत. ते बोलतच होते, मास्तरांच्या सात पिढ्यांच्या शिवणकामाचा उद्धार करत होते, आणि शेजारचे नोकरवर्गातले दोघे दारात जमा झाले होते.

आणि मास्तर? त्यांचा रंग परत येत होता. आधी ते "साहेब, साहेब" करत होते. मग म्हणाले, "अहो, पण तुम्ही मापाच्या वेळी खांदा का पाडला होतात?" वडील म्हणाले, "मी खांदा पाडला? चोर तो चोर!" असे दोघे पाचेक मिनिटं कचाकचा भांडले. शेवटी मास्तर मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले, रडता रडता म्हणाले, "द्या इकडे, उसवून नीट करतो." वडिलांनी कोट दिला नाही. "आता राहू दे असाच," म्हणाले, "लोक विचारतील तेव्हा तुमचं नाव सांगीन." मास्तर पायऱ्या उतरताना गुणगुणत होते.

दार लावल्यावर वडील स्वयंपाकघरात आले. कोट अजून अंगातच होता. मला हळूच विचारलं, "जास्त बोललो का गं?"

मी दोन वर्षं मुंबईला जाऊन जे शिकले नव्हते ते हा साबण-चादरींचा हिशेब ठेवणारा माणूस एका पातेल्याभोवती बसून शिकला होता. मी त्यांना चक्क वाकून नमस्कार केला. ते गडबडले, म्हणाले, "अगं, आज काय आहे?"

मार्गशीर्षात मास्तरांच्या लेकीचं लग्न झालं. आम्ही तिघंही गेलो. वडील कोट घालून, डावं मनगट उघडं टाकून. अक्षता पडल्या, पंगत बसली. वडिलांच्या शेजारी मुलाचे वडील, म्हणजे मास्तरांचे नवे व्याही. मास्तर स्वतः जिलबी वाढत होते. व्याह्यांनी विचारलं, "आपण कुठे असता?"

"ठाण्याला," वडील म्हणाले, "वेड्यांच्या इस्पितळात." आणि जिलबीचा घास तोंडात असल्यामुळे शेपूट अडकलं. व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. मी समोरच्या ओळीतून ओरडणारच होते, म्हणजे नोकरीला!

तेवढ्यात मास्तर वाकले, व्याह्यांच्या पानावर जिलबी ठेवली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी पण जाऊन आलोय तिथे."

व्याही बघतच राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे बरा व्हायला," मास्तर म्हणाले, आणि आणखी एक जिलबी वाढली.

व्याह्यांनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बरं बरं, पुरे." जिलबीला म्हणाले की उत्तराला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण हात त्यांनी लगेच काढला, आणि तिसरी जिलबी घेतली.